गुणू का भागू?

आमच्या प्राथमिक शाळांतून गणित शिकवले जाते अशी एक समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. सरकारी परिपत्रकांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि पालकांच्या भाबडेपणाने ती इतकी पक्की करून टाकली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याला लोक आधी विक्षिप्त म्हणतात आणि मग निवृत्त शिक्षक म्हणतात. पुष्कळदा दोहोंचा अर्थ एकच असतो. मी यांपैकी दुसरा आहे. पहिला आहे की नाही ते वाचकांनी लेख संपल्यावर ठरवावे. बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून, कधी बालाघाटाच्या माथ्यावर तर कधी गोदाकाठच्या काळ्या रानात, तीस वर्षे मी तिसरी-चौथीच्या वर्गांपुढे उभा राहिलो. त्या अधिकाराने सांगतो की, गुणाकार-भागाकाराची शाब्दिक उदाहरणे या नावाखाली आज जे चालते ते गणित नव्हे. ती शब्दांची पारध आहे.

कोणत्याही शाळेत जा आणि चौथीच्या फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहा. खडू खाली ठेवण्याच्या आत मागून प्रश्न येतो, "गुरुजी, गुणू का भागू?" उदाहरणात काय घडले हे कुणी विचारीत नाही. कुणी कुणाला काय दिले, किती वेळा दिले, शेवटी काय शोधायचे आहे, याची कुणाला फिकीर नाही. दोन संख्या दिसल्या आहेत, चार चिन्हे ठाऊक आहेत, आता गुरुजींनी चिन्ह तेवढे सांगावे म्हणजे पुढचे काम पोरगे यंत्रासारखे उरकील. आणि गुरुजी सांगतात! नुसते सांगत नाहीत, भिंतीवर तक्ता लावतात. 'एकूण' आले की गुणा. 'वाटले' आले की भागा. 'प्रत्येकी' आले की भागा. 'उरले' आले की वजा करा. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांत हीच यादी चौकटीत छापलेली असते आणि तिला 'महत्त्वाचे' असा शिक्का असतो.

आता या यादीची परीक्षा दिवाळीच्या फराळावरच घेऊ. आईने आठ मुलांना प्रत्येकी चार लाडू दिले, तर लाडू किती लागले? येथे 'प्रत्येकी' आहे आणि गुणायचे आहे. आईने बत्तीस लाडू आठ मुलांना सारखे दिले, तर प्रत्येकी किती? येथेही 'प्रत्येकी' आहे आणि भागायचे आहे. डब्यात एकूण बत्तीस लाडू आहेत, ते आठ जणांत वाटायचे आहेत, असे म्हटले की यादी पाठ केलेले पोर 'एकूण' या शब्दावर झडप घालते, बत्तीस गुणिले आठ करते आणि दोनशे छप्पन्न लाडू काढून दाखवते. बत्तीस लाडवांच्या डब्यातून प्रत्येकाच्या वाटणीला दोनशे छप्पन्न! अशी अन्नपूर्णा आमच्या जिल्ह्यात असती तर एवढी माणसे दरसाल घरे सोडून बाहेर गेलीच नसती. परंतु त्या मुलाला यात काही वावगे वाटत नाही, कारण लाडवांकडे त्याने पाहिलेलेच नसते. त्याला लाडू खायला येतात, वाटायला येतात, धाकट्या बहिणीच्या वाटचा एक चोरायलाही येतो. वहीत आलेले लाडू मात्र लाडू नसतात. ती दोन आकड्यांच्या मध्ये पसरलेली वाळू असते, आणि ती चाळून हवा तो शब्द काढून घ्यायचा असतो.

हे खूळ आमच्यापुरतेच आहे असे नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे १९८० च्या सुमारास काही शिक्षकांनी दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ७६ मुलांनी गणित करून वय काढून दिले! ही हकिकत वाचल्यावर मी माझ्या वर्गात आमच्याकडचे उदाहरण घातले. एका टोळीत १२ कोयते आणि ४ बैलगाड्या आहेत, तर मुकादमाचे वय किती? निम्म्याहून अधिक वर्गाने अठ्ठेचाळीस सांगितले. काहींनी सोळा सांगितले, पण मुकादम सोळा वर्षांचा नसतो म्हणून लगेच खोडले. एका मुलाने भागाकार करून तीन काढले आणि तो त्या उत्तरावर ठाम राहिला. "अरे, तीन वर्षांचा मुकादम कसा असेल?" तर म्हणाला, "गुर्जी, बाकी राहत न्हाई, मंजे बरोबरच हाय." मागच्या रांगेतून एका मुलीने मात्र हळूच विचारले, "त्यो मुकादम तुमच्या वळखीचा हाय का?" सगळा वर्ग तिला हसला. माझ्या मते त्या दिवशी वर्गात गणित करणारी ती एकटीच होती. दिलेल्या माहितीतून उत्तर निघत नाही, ते बाहेरून आणावे लागेल, एवढे तिला कळले होते.

यावर शहाण्यांची दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, मुलांना वाचताच येत नाही, मग शाब्दिक उदाहरण सुटणार कसे? ठीक आहे. मग ते वाचून दाखवा. आमच्या मुलाला कान आहेत. पण वाचून दाखवतानाही पुस्तकाची भाषा तेवढी बाजूला ठेवा. "समान वाटप केल्यास प्रत्येकास किती फुले प्राप्त होतील?" हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या कोणत्या घरात बोलले जाते? "समद्यांना सारकी वाटली तर एकेकाला किती येत्याल?" असे विचारा आणि किती हात वर होतात ते पाहा. प्रमाणभाषा शिकवायची नाही असे मी म्हणत नाही. ती शिकलीच पाहिजे. पण एकाच तासाला भाषेचा डोंगर आणि गणिताचा डोंगर असे दोन्ही चढायला लावायचे आणि पोर दमले की त्याला मठ्ठ ठरवायचे, हा न्याय नव्हे.

दुसरे उत्तर अधिक लाडके आहे. ते माझ्या वयाच्या मंडळींचे आहे. "आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असे! आताच्या मुलांना साताचा पाढा येत नाही, ती उदाहरणे काय सोडवणार?" पाढे यावेत, याबद्दल माझा वाद नाही. मीही ते घोकून घेतले आहेत आणि घेणाऱ्याला दुवा देतो. पावकी-निमकीचे तर एक वेगळेच मोल होते. पावाने गुणले की संख्या लहान होते हे त्या पिढीच्या अंगी भिनलेले असे. आजचे पोर गुणाकाराने संख्या वाढतेच असे धरून बसते आणि सहावीत दशांशाशी गाठ पडली की तोंडघशी पडते. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, आण्यांचा हिशेब हळूहळू उठला, पुढे शेर-मण जाऊन किलो आले आणि पावकीची गरज बाजारातून संपली. तिच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. परंतु तीसपर्यंत पाढे येणाऱ्या त्या पिढीतली कितीतरी माणसे सावकाराच्या वहीपुढे अंगठा टेकून बसत होती, हे कसे विसरायचे? पाढा म्हणजे धार लावलेला विळा. पीक कुठले आणि कापायचे कुठून, हे काही विळा सांगत नाही.

पाढ्यांवरून आठवले. जून २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बावीस' असे वाचावे की 'वीस दोन' यावरून महाराष्ट्राने केवढे रण माजवले! वर्तमानपत्रे पेटली, विधानसभेत कोट्या झाल्या, ज्यांनी चाळीस वर्षांत दुसरीचे पुस्तक उघडले नव्हते ते मराठी अंकांचे कैवारी झाले. माझे स्वतःचे मत बावीसच्या बाजूचे आहे. परंतु त्याच पुस्तकांतल्या शाब्दिक उदाहरणांत माणसे साठ-साठ कलिंगडे कशाला विकत घेतात, हा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही. बावीस कसे म्हणावे यावर राज्य भांडले. बावीसाचे करायचे काय, यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

वस्तुस्थिती काय आहे? 'असर' या नावाची ग्रामीण मुलांची पाहणी देशभर होते. तिच्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात, नुसत्या आकड्यांनी. २०२४ च्या पाहणीत देशातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी एकतीसच्या आसपास मुलांना तेवढे जमले. हा आकडा ऐकला की आमचे अधिकारी 'भागाकार पक्का करा' असा आदेश काढतात, आणि मग शाळाशाळांतून नुसत्या आकड्यांच्या भागाकारांचा पाऊस पडतो. शाब्दिक उदाहरणे धड्याच्या शेवटी असतात. तिथवर पोचायच्या आत चाचणी येते. आधी क्रिया पक्की, मग उदाहरण, असा हा क्रम आहे. माझे भांडण नेमके या क्रमाशी आहे. तो उलटा आहे.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले तेव्हा शंभरात ९८ उत्तरे बरोबर आली. तसेच हिशेब कागदावर शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिले तेव्हा ७४ बरोबर आली. नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७! त्यांतला बारा वर्षांचा एक मुलगा दहा नारळांची किंमत काढताना शून्य जोडत नाही. नारळ पस्तीसचा, तिनांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, पुढे तीनशे पंधरा, वर एक, म्हणजे तीनशे पन्नास, असा तो नारळ हाताळत जातो. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी ती मुले शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितापाशी अडली. आणि नुसती शाळेत जाणारी, वहीत बरी असणारी मुले बाजारातल्या हिशेबापाशी अडली. म्हणजे दोन्हीकडे अर्धे-अर्धे गणित आहे आणि मध्ये भिंत आहे. शाब्दिक उदाहरण हा त्या भिंतीतला दरवाजा. आम्ही तो धड्याच्या शेवटी बांधतो आणि वेळ उरला तर उघडतो.

ही भिंत पाहायला मला कोलकात्याला जावे लागले नाही. होळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावरून परतलेला चौथीतला एक मुलगा होता. तिकडे उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या तो विकत असे. पाच रुपयांची पेंढी, सदतीस पेंढ्या विकल्या, तर किती पैसे, असे मी त्याला ओट्यावर बसून विचारले. "धाचे पन्नास, तिसाचे दीडशे, वर सात, पस्तीस. एकशे पंच्याऐंशी." उत्तराला तेवढाच वेळ लागला, जेवढा तुम्हाला हे वाचायला लागला. पाटीवर मी ३७ गुणिले ५ लिहून दिले. त्याने लिहिले १५३५. तीन पाचे पंधरा, सात पाचे पस्तीस, दोन्ही शेजारी शेजारी. मी विचारले, "इतके रुपये मिळाले असते का रे?" तर तो हसून म्हणाला, "हे पैशाचं न्हाई गुर्जी, हे शाळेतलं हाय." या वाक्यावर शिक्षण खात्याने एक आयोग नेमावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

शाळेतल्या भागाकारात आणखी एक मोठी खोट आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. भागाकार दोन तऱ्हांचा असतो. वीस भाकरी आहेत, पाच माणसे आहेत, एकेकाला किती? ही वाटणी. वीस भाकरी आहेत, एकेकाला पाच लागतात, किती माणसे जेवतील? ही वाटणी नव्हे. येथे पाच-पाचच्या चळती पाडायच्या आणि चळती मोजायच्या. आकडे तेच, उत्तर तेच चार. पण एका ठिकाणी चार भाकरी आल्या आणि दुसऱ्या ठिकाणी चार माणसे आली. वाटणीचा भागाकार मुले घरूनच शिकून येतात. आमच्या मराठवाड्यात निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेले म्हातारे भागाकाराला तकसीम म्हणत, आणि जमिनीच्या वाटणीलाही तोच शब्द. तेव्हा भागाकार म्हणजे वाटणी हे कुणाला वेगळे सांगावे लागत नसे. चळतीचा भागाकार मात्र शिकवावा लागतो. आणि पुढे आयुष्यात गळ्याशी येतो तो हाच. एवढ्या पगारात किती दिवस निघतील, एवढे कर्ज किती हप्त्यांत फिटेल, एवढ्या उचलीला किती टन ऊस तोडावा लागेल, हे सारे चळतीचे भागाकार आहेत.

उचलीचेच उदाहरण घेऊ. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा केज, धारूर, पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी या भागांतून टोळ्या निघालेल्या किंवा निघण्याच्या बेतात असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून कोयत्यामागे आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. तोडणीचा दर टनामागे २७३ रुपये १० पैसे होता. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बैठकीत त्यावर ३४ टक्के वाढ ठरली, म्हणजे दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. आता चौथीच्या मुलाला कळेल असा प्रश्न घालतो. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. किती टन तोडल्यावर ती फिटेल?

जुन्या दराने ३६६ टन तोडले तर ९९,९५४ रुपये ६० पैसे होतात. नव्या दराने २७३ टन तोडले तर ९९,९१८ रुपये होतात. (जुना दर २७३, नवे टन २७३, नवा दर ३६६, जुने टन ३६६. ही गंमत मला एका रात्री वहीत सापडली आणि झोप उडाली.) पुस्तकी मुलगा लिहील, भागाकार २७३, बाकी ८२. आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. परंतु ही बाकी ८२ म्हणजे काय? ते ब्याऐंशी रुपये अजून अंगावर आहेत. २७३ टनांनी उचल फिटत नाही. २७४ व्या टनाला हात घालावाच लागतो. अमेरिकेत १९८३ च्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना असेच विचारले होते. १,१२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, बसगाड्या किती लागतील? शंभरातल्या २९ मुलांनी '३१ बाकी १२' असे उत्तर दिले. बत्तीस गाड्या म्हणणारी अवघी २३ होती. बाकीचे बारा सैनिक कोठे उभे राहिले, याची अमेरिकेने चौकशी केली की नाही कोण जाणे. आमच्याकडे अशी बाकी वहीत राहत नाही. ती पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते.

उदाहरण येथे संपले नाही. कोयता दिवसाकाठी दोन टन तोडतो असे धरा. २७४ टनांना १३७ दिवस लागले. १ नोव्हेंबरला पहिला ऊस पडला तर १७ मार्चला उचल फिटली. मध्ये एकही दिवस आजारपण नाही, खाडा नाही, सण नाही, पोराला ताप नाही. जुन्या दराने ३६७ टन, म्हणजे १८४ दिवस, म्हणजे ३ मे. त्या सुमारास बहुतेक कारखान्यांची धुराडी थंड झालेली असतात! जुन्या दराने लाखाची उचल एका हंगामात फिटणारीच नव्हती, हे सांगायला अर्थशास्त्री नको, चौथीचा भागाकार पुरे. आणखी एक पाहा. दर ३४ टक्क्यांनी वाढला म्हणून दिवसही ३४ टक्क्यांनी कमी झाले असे ज्यांना वाटले असेल त्यांनी पुन्हा मोजावे. १८४ चे १३७ झाले. घट चौथाईच्या थोडी वर आहे, तिसऱ्या हिश्श्याची नव्हे. भाषणात टक्के सांगणे सोपे असते. कोयत्याने दिवस मोजायचे असतात.

कुणी म्हणेल, चौथीच्या पोरांना असली उदाहरणे घालून त्यांचे बालपण नासवता काय? ज्यांचे बालपण फडात आणि कोपीत जाते त्यांच्या बालपणाची ही काळजी मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे. त्या पोराला उचल, खाडा, टन, काटा हे सर्व शब्द ठाऊक असतात. ठाऊक नसते ते एवढेच की, शाळेत लटकणारे ते भागाकाराचे चिन्ह या शब्दांवर चालते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब असावा, शेतीचे ज्ञान असावे, असे मागितले होते. शेतकऱ्याच्या पोराला हिशेब हवा, कारण त्याच्या अज्ञानावर दुसऱ्याचा संसार चालतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हिशेब याचा अर्थ त्यांच्या मनात साठ कलिंगडे असा खास नव्हता.

आणि ही मुले शाळेत असतात तरी केव्हा? टोळीबरोबर जाणारी मुले दिवाळीच्या आगेमागे जातात आणि होळी-पाडव्याला, कधी त्याहूनही उशिरा परततात. पुस्तकात बेरीज-वजाबाकी पहिल्या सत्रात येते. गुणाकार-भागाकाराचा जड भाग बहुधा नेमका त्या महिन्यांत पडतो. बेरीज शाळेत झाली, भागाकार उसाच्या फडात राहिला! गावीच राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, ही चांगली गोष्ट आहे. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांना त्यांचा आधार झाला आहे. पण तेथेही संध्याकाळी जेवण झाले की मुले मार्गदर्शक उघडून '४८ भागिले ६' असे पानच्या पान उतरवीत बसतात. त्याच संध्याकाळी बापाचा फोन येतो, आज किती मोळ्या झाल्या, गाडी किती टनांची भरली, हे तो सांगतो. आणि त्या फोनचा त्या वहीशी काही संबंध आहे असे तेथल्या एकाही मोठ्या माणसाला वाटत नाही.

आमच्या जिल्ह्याला गणिताचा एक जुना मान आहे, निदान तसा दावा आहे. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे जे नाव दिले आहे ते विज्जडविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासकांनी म्हटले. अधिक जणांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणकडे आहे आणि तेथे भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेखही आहे, तेव्हा मी या वादात बीडची बाजू लावून धरणार नाही; गावाभिमानासाठी पुरावा वाकवू नये. परंतु इसवी सन ११५० ची 'लीलावती' उघडून पाहा. भुंगे आहेत, हंस आहेत. चौकटीत घातलेली शब्दांची यादी कोठे नाही. त्रैराशिक मांडताना तीन राशी आधी ओळखाव्या लागतात: प्रमाण, फल आणि इच्छा. किती मजुरीला किती काम हे प्रमाण आणि फल. आणि आपल्याला काय हवे ती इच्छा. इच्छा कोणती हे ओळखल्यावाचून गुणणे नाही आणि भागणेही नाही. आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा तो पंडित उदाहरणातल्या 'हवे काय?' या प्रश्नाला चक्क इच्छा म्हणतो. आम्ही तिच्या जागी 'प्रत्येकी आले की भागा' आणून बसवले, आणि वर्षातून एकदा गणित दिनाला त्याच पंडिताच्या तसबिरीला हार घालतो.

मग करावे काय? भिंतीवरचा तो तक्ता फाडावा, आजच. मार्गदर्शकातली चौकट खोडावी. आणि उदाहरण उलटे घालावे. आकडे आपण द्यावेत, गोष्ट मुलाने सांगावी. मी शेवटची सात-आठ वर्षे हेच केले. फळ्यावर ३० भागिले ४ लिहायचे आणि खाली बसायचे. पहिले पंधरा दिवस वर्ग गप्प. मग गोष्टी येऊ लागल्या. एकीने तीस बांगड्या चार बहिणींत वाटल्या, दोन उरल्या त्या आईला दिल्या. एकाने तीस माणसे चार-चार करून जीपमध्ये बसवली. सात जिपा भरल्या आणि उरलेली दोघे टपावर बसली. दुसरा म्हणाला, पोलीस धरतात, आठवी जीप कर. त्या दोघांचे भांडण चांगले दहा मिनिटे चालले, आणि त्या दहा मिनिटांत बाकी म्हणजे काय हे वर्गाला जेवढे कळले तेवढे माझ्या फळ्यावरच्या तीस वर्षांच्या खडूने कळले नसते. एका पोराने सांगितले, तीस दिवस, दर चार दिवसांनी नळाला पाणी, महिन्यात सात वेळा. मी विचारले, आणि उरलेले दोन दिवस? म्हणाला, "त्या दिवशी बी न्हाई." या गोष्टी तपासायला वेळ लागतो, हे खरे. पन्नास गणिते तपासण्याहून पाच गोष्टी तपासणे अवघड आहे. परंतु चुकलेल्या गोष्टीत चूक कुठे आहे ते मुलालाच दिसते. चुकलेल्या आकड्यात ते फक्त गुरुजींना दिसते.

याला साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, प्रशिक्षणाचे पाच दिवस आणि चहा-बिस्किटे लागत नाहीत. म्हणूनच ते वरून कुणी सुचवणार नाही, ही माझी खात्री आहे. तेव्हा हे घरून सुरू व्हावे. पाडव्याला नाही तर भाऊबीजेला घरात तिसरी-चौथीतली दोन-चार भाचरे जमतील. त्यांना 'सात अठ्ठे किती' विचारून पाहुण्यांपुढे मिरवू नका. चकलीचा डबा पुढे ठेवा, २६ भागिले ६ असे कागदावर लिहा आणि गोष्ट मागा. उत्तर मागू नका. पोराने आधी तुमच्याकडे पाहून "गुणू का भागू?" म्हटले, तर समजा की त्याची शाळा मी म्हणतो तशीच आहे, आणि शाळा शहरातली असो, इंग्रजी माध्यमाची असो, महिन्याची फी काही असो, तुम्ही तसेच समजा. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी आधी हा प्रयोग करावा, डबा संपेपर्यंत करावा, आणि मग माझ्याशी भांडायला खुशाल बीडला यावे.